लंडनहून इंदोऱ्याला किती तास?

आमच्या नागपूरच्या ट्रॅव्हल ऑफिसात येणाऱ्या गिऱ्हाइकांचे दोन प्रकार. काहींना कुठं जायचं ते पक्कं ठाऊक असतं, आणि काहींना नुसतं पंख्याखाली बसायचं असतं. कांतामावशी तिसऱ्या प्रकारातली होती आणि त्या प्रकारात ती एकटीच होती. तिला कुठंच जायचं नसे. वर्षातून दोनदा, मिलची पहिली पाळी सुटली की ती सीताबर्डीला यायची, चपला दाराबाहेर काढायची, माझ्या टेबलासमोर उभी राहायची आणि आतल्या खोलीतल्या साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "बळीराम, लंडनहून आपल्या इंदोऱ्याले किती तास लागतात गा आता?"

त्या 'आता'वर जोर. जणू मधल्या सहा महिन्यांत लंडन थोडं इकडे सरकलं असेल.

मी सांगायचो. लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल, थेट विमान असेल तर साडेनऊ तास. मुंबई ते नागपूर सव्वाचारशे मैल, दीड तास. मुंबईला बसून राहावं लागेल ते वेगळं. ती मान हलवायची. "म्हणजे हवेत दीड पाळीबी नाही," असं म्हणून समोरची खुर्ची ओढायची आणि पदराखालून निळं एअर लेटर काढायची. मग मी तिचं पत्र लिहायचो, तिच्या वसंतला. पत्र संपलं की ती दर वेळी म्हणायची, "अजून काही लिहाचं असन तं लिह." मी म्हणायचो, "झालं वं मावशी, जागा संपली."

हे नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांबद्दलच मला सांगायचं आहे, आणि ते माझ्या फारसं सोयीचं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

कांतामावशी आमच्याच गल्लीतली. जरीपटक्याच्या बाजारातून आमच्या इंदोरा वस्तीकडे यायला लागलं की डाव्या हाताला आमची गल्ली. तिचं घर नळासमोर, माझं नळामागं. ती मिलच्या रिलिंग खात्यात होती, सुताच्या लडी गुंडाळायच्या. नवरा देवराव त्याच मिलमध्ये विणाईकडे. छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ती तिशीची होती आणि वसंत अकरा वर्षांचा. त्या दिवशी घरी परतल्यावर तिनं देव्हाऱ्यातलं सगळं उतरवलं आणि त्या कोनाड्यात वसंतची पुस्तकं लावली. "आता याच्या इकडं हात जोडा," असं म्हणून ती सासूलाच हसली म्हणतात. सासू आठ दिवस बोलली नाही. कांतामावशीला ते आठ दिवस फार बरे गेले.

ती कुणाला घाबरत नसे. धंतोलीच्या डॉक्टरनं देवरावांच्या छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "दोन महिने." ही म्हणाली, "कोनत्या तारखेपासून?" डॉक्टर बिचारा गोंधळला. देवराव पुढं पाच महिने जगले आणि दर महिन्याला ही त्यांना घेऊन मुद्दाम त्याच डॉक्टरकडे जायची, दाखवायला.

वसंत सदुसष्ट साली लंडनला गेला. तिथं बसगाड्यांच्या डेपोत नोकरी. इंदोऱ्यातून विमानानं परदेशी गेलेला तो पहिला नसेल, पण आमच्या गल्लीतून पहिलाच होता. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. तो सोनेगावच्या विमानतळावरून उडाला तेव्हा मी सायकलवर तिथपर्यंत गेलो होतो, आणि परत येताना ठरवलं की आपणही विमानाचंच काही तरी करायचं. बहात्तरच्या डिसेंबरात मला या ऑफिसात कारकून म्हणून घेतलं. पगार यथातथा, पण टेबलावर जगभरच्या विमानांच्या वेळांची जाडी पुस्तकं. पंधरा दिवसांत मी गल्लीचा विमानतज्ज्ञ झालो. नागपूरहून कैरो किती, कैरोहून रोम किती. कुणी विचारत नसे, तरी मी सांगायचो.

आणि त्याच पंधराव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी सहाला, देवराव गेले.

वसंतला अर्जंट तार केली. मंगळवारी सकाळी त्याची उलट तार आली. गल्ली सगळी जमलेली. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, थंडीचे दिवस होते, पण म्हातारी माणसं कुजबुजायला लागली होती. तार इंग्रजीत. कांतामावशीला वाचता येत नव्हतं. तिनं तार घेतली, मला दंडाला धरलं आणि नळामागं नेलं.

"वाच."

मी वाचलं. मंगळवारी दुपारी एकला लंडन सोडतो. बुधवारी पहाटे चारला मुंबई. नागपूरचं पहिलं विमान धरतो.

"म्हणजे घरी कव्हा?"

आता पाहा, याचं उत्तर तारेतच होतं. मुंबईचं नागपूरला येणारं विमान तेव्हा सकाळी साडेसहाला सुटायचं. पहाटे चारला उतरलेला माणूस ते आरामात धरतो. चौथीतल्या पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की उद्या सकाळी. पण चौथीतल्या पोराला हे ठाऊक नसतं की लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. मला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं आणि ते कुठं वापरू, असं मला झालं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "वसंतनं लंडनहून लिहिलं, म्हणजे हे चार लंडनच्या घडीतले. त्यात साडेपाच मिळवायचे. मुंबईत उतरंल तवा आपले साडेनऊ झाले असतीन. नागपूरचं विमान तं साडेसहालेच जाते. मंग दुसरं विमान गुरुवारी. रेल्वेनं निंगाला तरी गुरुवारच."

"बुधवार नाही?"

"नाही वं."

"पक्कं?"

"पक्कं."

ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी आणखी एकदा 'पक्कं' म्हणालो, कुणी विचारलं नसताना. विमानांच्या पुस्तकात लिहिलेली वेळ त्या त्या गावाची असते, मुंबईचे चार म्हणजे मुंबईचेच चार, हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं. मी ते पुस्तक मधूनच वाचायला सुरुवात केली होती.

गुरुवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. बुधवारपर्यंत ती थांबली असती, सगळ्यांशी भांडून थांबली असती, हे मला तेव्हाही दिसत होतं. ती नळामागून बाहेर आली आणि लोकांना म्हणाली, "आजच करा." कुणी सांगितलं, कसं ठरलं, काही बोलली नाही. चार वाजता घाटावर त्रिसरण पंचशील झालं. अग्नी पुतण्यानं दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी नळावर बादली लावून उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा थांबली आणि काळा कोट घातलेला वसंत खाली उतरला.

मी बादली तिथंच सोडली आणि मागच्या बाजूनं पळालो. खोटं कशाला सांगू? सरळ ऑफिसात जाऊन बसलो. साहेब म्हणाले, आज लवकर? मी म्हणालो, काम आहे. पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि वाचलं. त्या सकाळी मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटू नये.

संध्याकाळी कळलं की मायलेकांचं दार लावून भांडण झालं. आवाज फक्त वसंतचा होता. साडेचार हजार मैल मी येऊ शकतो आणि तू एक रात्र थांबू शकत नाहीस, असं तो ओरडला, ते शेजारच्या तुळसाबाईंनी भिंतीतून ऐकलं. चौथ्या दिवशी तो परत गेला. जाताना आईच्या पाया पडला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

मी कांतामावशीला त्यानंतर दोन दिवसांनी नळावर गाठलं. म्हणजे तिनंच मला गाठलं. मी तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते असं: "मावशी, वारा मांगून असला ना, की विमान कधीकधी लवकर येते."

वाऱ्यानं एक अख्खा दिवस! मी आजही हे आठवून एकटा असलो तरी मान खाली घालतो.

तिनं घागर उचलली. "असन गा," म्हणाली.

वसंत पुढं नऊ वर्षं आला नाही. लग्न तिकडेच केलं, अमरावतीकडच्या नर्स मुलीशी. फोटो पाठवला. मुलगी झाली, तिचाही फोटो पाठवला. पत्रं यायची, तब्येतीची चौकशी असायची, पण "येतो" हा शब्द कधी आला नाही. कांतामावशी दर वेळी लिहायला लावायची, "ये." त्याचं उत्तर यायचं, "इतक्या लांबून सहज येणं होत नाही."

हे वाक्य मीच तिला वाचून दाखवायचो. म्हणून ती तास विचारायची. पोरगा म्हणतो लांब आहे, तर किती लांब आहे ते तिला समजून घ्यायचं होतं. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

मी मात्र त्या नऊ वर्षांत खरोखरचा जाणकार झालो. त्या एका चुकीनं मला इतकं पोळवलं होतं की मी वेळांची पुस्तकं पहिल्या पानापासून पाठ केली. नागपुरात विमानाच्या वेळेत बळीरामचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. बड्या डॉक्टरांचे, संत्र्यांच्या व्यापाऱ्यांचे फोन यायचे. लंडनला उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं सरकवतात, तेव्हा फरक साडेपाच नाही, साडेचार, हे मी समोरच्याला असं सांगायचो की जणू ती काट्यांची कळ माझ्या हातात आहे. आणि नेमकं तेव्हाच दाराबाहेर चपला वाजायच्या आणि आवाज यायचा, "बळीराम, किती तास लागतात गा आता?" माझा सगळा तोरा उतरायचा. मग मला तिचाच राग यायचा. मग वसंतचा. एवढी अक्कल नाही का त्याला, की काही कारण असल्याशिवाय आई थांबायची राहिली नसेल? सगळ्यांचा राग करून झाला की मग पत्र लिहायला घ्यायचो.

एक्क्याऐंशीच्या जुलैत ती मिलमधून निवृत्त झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑफिसात आली. या वेळी चपला घालूनच आत आली.

"तो येत नाही तं मी जातो," ती म्हणाली. बाई असून 'जातो' म्हणायची तिची जुनी सवय, ठाम बोलायचं असलं की. "फंड भेटला. टिकीट काढ."

"मावशी, एकटी? इंग्रजी येत नाही, वाचता येत नाही."

"विमान मले चालवाचं हाय का?"

साहेबसुद्धा आतून हसले. पासपोर्टचे फॉर्म मीच भरले होते, पण ते असंच कधीतरी जायचं म्हणून, असं मी धरून चाललो होतो. आता ऑगस्टचं तिकीट निघालं. वसंतला कळवलं, तारेनं. त्याचं उत्तर आलं, दोनच शब्द: विमानतळावर येतो.

निघायच्या आदल्या दुपारी ती कागद न्यायला आली. मी प्रवासाचा तक्ता तयार केला होता, कुणाला दाखवला तर त्यानं तिला योग्य ठिकाणी बसवावं असा. नागपूर कधी सोडायचं, मुंबई कधी, लंडन कधी.

तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे कोनाची वेळ हाय? तिथली का आपली?"

"तिथली."

"दोन्ही लिह. बाजूबाजूले. माह्यासारखं कोनी फसाले नको."

मी पेन उचललं आणि ते चालेना. एकतीस वर्षांचा माणूस मी, दोन पोरांचा बाप, आणि मला पेन खाली ठेवावं लागलं. मी म्हणालो, "मावशी, तवा वारा नव्हता."

"कव्हा?"

"देवरावकाका गेले तवा. विमान लवकर नव्हतं आलं. माहीच चूक झाली. चार मुंबईचेच होते. म्या साडेपाच वरून जोडले."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. पंखा फिरत होता. बाहेर बर्डीच्या रस्त्यावर कुणीतरी केळी ओरडून विकत होतं.

"माहीत हाय मले," ती म्हणाली.

"कव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. वसंतानं मले हातातली घडी दाखवली. म्हने, हे पाह्य, अजून लंडनचीच वेळ हाय, घडी फिरवाले टाईम नाही भेटला, असा धावत आलो मी. त्याच्या घडीत साडेतीन वाजले होते, अन् आपल्या भिंतीवर नऊ. मी मिलमधी अठ्ठावीस वर्षं भोंग्यावर काम केलं. दोन घड्यांतला फरक मले समजत नाही का? तवाच समजली, तू काय केलं ते."

"मंग त्याले काहून नाही सांगितलं?"

"तो तवा कसा झाला होता, तुले नाही माहीत. म्हने, कोनं सांगितलं तुले का मी येत नाही? नाव सांग. त्याले तुह्या हापिसात नेऊन उभं केलं असतं म्या, तं आज हे टेबल तुह्यापाशी नसतं. पंधरा दिवस झाले होते तुले लागून. म्हनून मी म्हनलं, कोनी नाही सांगितलं, मीच नाही थांबली." मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्याले रागावून जायाले लंडन होतं. तुले याच गल्लीत राहाचं होतं."

मला रडू आलं. ऑफिसात, साहेबांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. मी तोंड झाकलंही नाही.

"नऊ वर्षं, मावशी? पत्रात तरी लिहाचं होतं ना."

"पत्र कोन लिहत होतं?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तूच ना? मी कशी लिहाले लावू, तुह्याच हातानं तुही चूक? दर खेपेले म्हनत होती, अजून काही लिहाचं असन तं लिह. का जागा नव्हती त्या कागदावर?"

मी म्हणालो, आत्ता लिहितो. सगळं लिहितो, सही करतो, तू त्याच्या हातात दे. मी ड्रॉवरमधून कागदही काढला.

तिनं तो कागद परत ड्रॉवरमध्ये सरकवला आणि ड्रॉवर लावला. "कागद नको. मी त्याले घेऊन येतो. तू तोंडानं सांगशीन."

"तो येईन?"

"मी आनाले चालली," ती म्हणाली, आणि मी दोन्ही वेळा लिहून दिल्यावर तक्ता घडी करून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सोनेगावला मी तिला सोडायला गेलो. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे नवे बूट, हातात देवरावांचं घड्याळ. विमानाच्या शिडीवर चढताना एका बाईनं तिला आधाराला हात पुढं केला, तर हिनंच त्या बाईची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागली. मला उगीच तिची काळजी वाटत होती. खरी काळजी माझी मलाच करायला हवी होती, कारण तिनं आणलं म्हणजे तो येणार, याबद्दल मला शंका नव्हती.

दोन महिन्यांत एकच कार्ड आलं, सुनेच्या अक्षरात. आई ठीक आहेत. इथल्या बसमधून एकट्या फिरतात. दसऱ्याच्या आधी परत येतील. कोण कोण येणार, ते लिहिलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मुंबईचं विमान वेळेवर उतरलं. पहिल्यांदा कांतामावशी दिसली. तिच्यामागं सातआठ वर्षांची मुलगी, झोपाळलेली, मग सून, आणि सगळ्यांत शेवटी दोन बॅगा घेतलेला वसंत. कानांजवळ केस पांढरे झाले होते. मला पाहून तो हसला, मोकळं हसला. म्हणाला, "बळीराम! पत्रातलं अक्षर तुहंच ना? आई सांगत होती."

म्हणजे तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. आईनं आपली वाट पाहिली नाही, असं समजूनही तो आला होता. ती पंचावन्न वर्षांची बाई एकटी उडून त्याच्या दारात उभी राहिली, तेवढ्यावर तो आला होता.

कांतामावशीनं नातीचा हात धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

मी सांगितलं. तिथंच, सामान घ्यायच्या गर्दीत. तारेपासून सुरुवात केली, नळामागचं सांगितलं, दोनदा 'पक्कं' म्हणालो ते सांगितलं, वाऱ्याचंही सांगितलं. आवाज कापला नाही माझा. इतकी वर्षं लोकांना वेळा सांगून आवाज पक्का झाला होता, त्याचा तेवढा उपयोग झाला. शेवटी म्हणालो, "तिनं मले तीनतीनदा विचारलं होतं. बुधवार म्हटलं असतं तं ती थांबली असती."

वसंतनं बॅगा खाली ठेवल्या. मला वाटलं, हा आता मारणार, आणि मी हललो नाही. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो वळला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. नऊ वर्षांत जे तोंडात आणलं नव्हतं ते सगळं त्याच्या तोंडावर होतं. पण एवढंच म्हणाला, "आई, मले तवाच काहून नाही सांगितलं वं?"

कांतामावशीनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

"राग उतरला की सांगतो म्हनलं होतं," ती म्हणाली. "तू चौथ्याच दिवशी निंगून गेला. थांबलाच नाही."